बावीस वर्षांची लाकडी नौका: तळावर पैसे घालायचे की नाही?

या प्रकरणातल्या मालकांची नावं, बंदर आणि नौकेची ओळख काढून टाकली आहे. रकमा गोळाबेरीज आहेत. बाकी क्रम घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

नौका दक्षिण कोकणातल्या एका खाडीतल्या बंदरातली. लांबी १३.५ मीटर, रुंदी ४.२ मीटर, बांधणी २००२ ची. फळ्या सागाच्या, दीड इंच जाडीच्या. वाक, म्हणजे आतल्या बरगड्या, बाभळीचे. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी. सहा सिलिंडरचं इंजिन २०१७ मध्ये नवीन बसवलेलं, त्यामुळे इंजिन तरुण आणि लाकूड म्हातारं अशी जोडी. मासेमारी गिलनेटची, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्याची. मधल्या भागात बर्फाचा खण.

मालकी दोन भावांची. थोरला तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, म्हणून समुद्रावर जातो, धाकटा डिझेल, बर्फ आणि मच्छीमार सोसायटीचा हिशेब बघतो. तळाचं किरकोळ काम दरवर्षी व्हायचं: शेवाळ खरवडणं, दोन-चार सांधे भरणं, खालचा रंग. फळी मात्र बावीस वर्षांत फक्त तीनदा बदललेली होती, आणि तीही उजव्या बाजूचीच.

अडचण

मार्च २०२४ पासून नौका जास्त पाणी घेऊ लागली. आधीच्या हंगामात पंप दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं चालायचा. आता समुद्रावर दर दोन तासांनी पंधरा मिनिटं चालवावा लागत होता. म्हणजे दिवसाला २० मिनिटांवरून १८० मिनिटं, नऊपट.

पहिला संशय शाफ्टच्या ग्लँडवर, म्हणजे पंख्याचा दांडा तळातून बाहेर पडतो तिथे पाणी अडवणाऱ्या जोडावर, गेला, कारण तिथून थेंब पडताना डोळ्यांना दिसत होते. तो संशय हिशेबात टिकत नाही. सेकंदाला एक थेंब पडला तरी तासाला पाव लिटरसुद्धा होत नाही. ग्लँडची दोरी बदलली, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचे पाइप आणि क्लिपा तपासल्या. पंपाचा वेळ तेवढाच राहिला.

खरा धागा थोरल्याच्या वहीत सापडला. खाडीत नांगरावर असताना पंप दिवसाला जेमतेम २५ मिनिटं चालत होता. बाहेर लाटेत इंजिनावर असताना १८०. हा फरक फार बोलका असतो. भोक असेल, किडा लागला असेल, तर नौका उभी असतानाही जवळपास तेवढंच पाणी येतं. हलल्यावरच येत असेल तर फळ्या वाकांवर घट्ट बसलेल्या नाहीत, त्या लाटेबरोबर हलताहेत. म्हणजे दुखणं सांध्यात नाही, खिळ्यात आहे.

हे कळण्याआधी एका सुताराने ९० हजारांत सगळे सांधे नव्याने कापसाने भरून देतो असं सांगितलं होतं. खिळे सैल असताना कापूस ठोकला तर तो पाचरीचं काम करतो: फळी वाकापासून आणखी सुटते. नौका पहिला महिना कोरडी राहते आणि दिवाळीनंतर आधीपेक्षा जास्त पाणी घेते.

किनाऱ्यावरची तपासणी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना २०२४ मध्ये १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीबंदी होती. दुरुस्तीची सगळी गडबड त्याच दोन महिन्यांत, आणि तेच दोन महिने धो-धो पावसाचे. शिवाय एवढी नौका या खाडीत उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या, भरतीलाच वर काढता येते. भांगाच्या, म्हणजे मधल्या दिवसांतल्या लहान, भरतीत पाणी पुरत नाही. २३ मेच्या पौर्णिमेचं उधाण धरून नौका २४ तारखेला ओढून घेतली.

पहिलं काम दोरीचं. पठाणाच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, खालून पुढून मागे दोरी ताणली. मध्ये २० मिलिमीटरचा बाक निघाला. एवढ्या वयाला हा चालण्यासारखा आहे. तो जॅक लावून सरळ करायला जाऊ नये. बावीस वर्षांत बसलेला बाक दोन दिवसांत काढला तर जोड उघडतात.

मग हातोडी. दर वीतभर अंतरावर ठोकत गेल्यावर डाव्या बाजूला बर्फाच्या खणाखाली आवाज बद्द येऊ लागला. समुद्राचं पाणी लाकडाला तसं फारसं कुजवत नाही, मीठ बुरशीला आवरून धरतं. कुजवतं ते गोडं पाणी. वितळलेल्या बर्फाचं पाणी खणाच्या तळातून झिरपून वाकांच्या खोबणीत साचत होतं, बावीस वर्षं. बाहेरून फळी ठणठणीत, आतून वाक भिजल्या बिस्किटासारखा.

तिसरी चाचणी गिरमिटाची. पठाणाला तीन ठिकाणी, पुढच्या जोडाजवळ, इंजिनाखाली आणि शाफ्ट बाहेर पडतो तिथे, ६ मिलिमीटरचं भोक पाडून भुसा तळहातावर घेतला. पहिल्या दोन जागी कोरडी, तांबूस, कुरळी साल निघाली. तिसऱ्या जागी वरचा दोनेक सेंटिमीटर भाग दमट, पुढे कोरडा. पांढरी चुनखडीसारखी पेस्ट कुठेही नाही. ती दिसली असती तर पठाणात किडा शिरला असं धरावं लागलं असतं. हा किडा टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत जातो आणि लाकडाच्या रेषेने बोटाएवढे बोगदे करतो, वरून काही दिसत नाही. पठाणाखाली मारलेली जोडपट्टी मात्र त्याने पुरती खाल्ली होती. हाताने तुकडे निघाले. जोडपट्टी आणि पठाण यांच्यामध्ये डांबराचा कागद घातलेला होता. किडा एका लाकडातून दुसऱ्यात सहसा तशी फट ओलांडून जात नाही, म्हणून पठाण वाचलं. भोकं सागाच्या गोल खुंट्या ठोकून बुजवली.

दोन फळ्या उघडून पाहणे

सगळ्यात उपयोगी पडलेला निर्णय इथला. मेस्त्री बाहेरून बघून आकडा सांगायला तयार होता. धाकट्याने तो मागितलाही. थोरला आडवा आला आणि मेस्त्रीनेही मग सरळ सांगितलं, "अण्णा, फळीचं मी आत्ता सांगतो. वाकाचं फळी काढल्याशिवाय कोण सांगणार?"

ठरलं ते असं: अंदाजपत्रक नंतर, आधी डाव्या बाजूच्या दोनच फळ्या काढायच्या, एक पठाणाला लागून असलेली आणि एक बर्फाच्या खणाखालची. तीन दिवस, १४ हजार रुपये. नौका विकायचं ठरलं तर हे पैसे पाण्यात, हे दोघांनी मान्य केलं.

काढलेले खिळे एका गोणपाटावर ओळीने मांडले. डोकं आणि टोक चांगलं, पण फळी जिथे वाकाला टेकते नेमक्या त्या जागी खिळा काडीएवढा बारीक झालेला. सांध्यातून ओल तिथे पोचते आणि जस्त आधी तिथलंच जातं. चाळीस खिळ्यांपैकी सव्वीस असे निघाले, नऊ तर काढताना मधोमध तुटले. भोवतीचं लाकूड गंजाने काळं पडून मऊ झालं होतं, म्हणजे त्याच भोकात नवा खिळा मारूनही धरणार नव्हता.

समोरचे पर्याय

सांधे भरून एक हंगाम काढणं (९० हजार) वरच्या कारणाने बाद झालं.

दुसरा पर्याय आहे तशी विकणं. तळ उघडण्याआधी एकाने इंजिन, जाळ्यांसह ६ लाख देऊ केले होते. हा आकडा महत्त्वाचा, कारण दुरुस्ती करणं म्हणजे नुसते दुरुस्तीचे पैसे घालणं नाही, हातचे ६ लाख सोडणंही आहे. किनाऱ्यावर हा हिशेब क्वचितच कोणी मांडतं.

तिसरा पर्याय, सगळ्या तळाला बाहेरून फायबर मारणं. धाकट्याचा ओढा इकडे होता: एकदा फायबर मारला की दहा वर्षं बघायला नको. तळाचं क्षेत्रफळ सुमारे ६० चौरस मीटर. काचतंतूंच्या मॅटचे (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) दोन थर दिले तर साधारण ५४ किलो मॅट आणि १२०-१३० किलो रेझिन लागतं, जाडी मिळते जेमतेम २ मिलिमीटर. हा थर नौकेला ताकद देत नाही. सैल फळी लाटेत हलली की तो सांध्यावर रेषेने फाटतो. पॉलिएस्टर रेझिन चिकटायला लाकूड चांगलं कोरडं लागतं, ओल साधारण १५ टक्क्यांच्या आत. जून-जुलैच्या कोकणात ती मिळत नाही. त्यातून सागाचं स्वतःचं तेल आणि वर्षानुवर्षं दिलेला मुशीच्या (शार्कच्या) तेलाचा हात. अशा लाकडावरून फायबर पापुद्र्यासारखा सुटतो, मध्ये पाणी अडकतं आणि आतलं कुजणं कोणाला दिसत नाही. नव्या, कोरड्या, मजबूत लाकडावर फायबरचा उपयोग आहे. दुखणं झाकायला नाही.

चौथा, जुनी मोडून इंजिन नव्या फायबर नौकेत बसवणं. रिकामी नौका २४ लाख, शाफ्ट-पंखा-जोडणीचे ३ लाख, शिवाय मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी, नवी नोंदणी, नवा परवाना. कागद पूर्ण होईपर्यंत मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा मिळणारा परतावाही अडकणार. एक हंगाम जाणार हे धरूनच चालायचं.

पाचवा, फळ्या-वाक बदलून लाकडाची पूर्ण दुरुस्ती. उघडून पाहिल्यानंतर मेस्त्रीने दिलेला अंदाज असा: नऊ फळ्या (वाया जाणारं धरून १६ घनफूट साग, ३,८०० रुपये दराने ६०,८००), अकरा वाक (९ घनफूट बाभूळ, १४,४००), चार माणसांची मजुरी रोज ४,३५० प्रमाणे ४५ दिवस (१,९५,७५०), खिळे-बोल्ट-कापूस-राळ ४८ हजार, रंग ४२ हजार, ओढणं-उतरवणं आणि वरचा मांडव ५५ हजार. एकूण ४ लाख १६ हजार.

निर्णय कसा झाला

पठाण चांगलं होतं, हा पहिला मुद्दा. फळ्या आणि वाक बदलता येतात. पठाण बदलणं म्हणजे नवी नौका बांधणं.

मग वर्षाचा खर्च काढला. दुरुस्तीनंतर पाच हंगाम मिळतील असं धरलं: ४.१६ लाख भागिले पाच म्हणजे ८३ हजार. आज सोडलेले ६ लाख, पाच वर्षांनी विकताना मिळतील ते अडीच लाख. फरकाचे वर्षाला ७० हजार. मिळून दीड लाखाच्या आसपास. नव्या नौकेचे २७ लाख वीस वर्षांत वाटले तर १.३५ लाख, पण कर्जाचं व्याज सरासरी तेवढंच वर, म्हणजे २.७ लाख. चार हंगामांतच गाशा गुंडाळावा लागला तरी दुरुस्ती स्वस्त पडत होती. दोनच मिळाले तर मात्र महाग.

याच कागदाच्या पाठीमागे दोन अटी लिहून दोघांनी सह्या केल्या. एक, पठाण किंवा नाळेचा (पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडाचा) जोड खराब निघाला तर काम तिथेच थांबवायचं, इंजिन वेगळं विकायचं. दोन, एकूण खर्च साडेपाच लाखांवर जाणार असं दिसलं तर थांबायचं. साडेपाच हा आकडा शास्त्रातून आला नव्हता. कर्ज न काढता दोघांकडे तेवढेच होते.

काम

मांडव घालून १० जूनला सुरुवात झाली. एका बाजूच्या लगतच्या फळ्या एकदम काढल्या नाहीत, नाहीतर नौकेचा आकार सुटतो. एक सोडून एक, आणि डावीकडे दोन तर उजवीकडे दोन. फळ्यांचे टोकजोड एकाखाली एक येऊ दिले नाहीत: शेजारच्या दोन फळ्यांच्या जोडांत किमान तीन वाकांचं अंतर.

लाकूड घेताना कडेचा पांढरा भाग परत केला. किडा आणि बुरशी आधी तोच खातात, आणि वखारीत तो हटकून सागाच्या भावाने मोजला जातो. खिळ्यांची पहिली खेपही परत गेली. ते चकचकीत होते, म्हणजे जस्त विजेने चढवलेलं, पातळ. खाऱ्या पाण्यात एका हंगामात उडतं. वितळलेल्या जस्तात बुडवलेले खिळे मळकट, राखाडी, थोडे खडबडीत असतात. लांबी १०० मिलिमीटर, म्हणजे फळीच्या जाडीच्या अडीचपटीहून थोडी जास्त. नवी भोकं जुन्यांपासून दोन बोटं सरकवून आणि आधी गिरमिटाने पाडून.

९ जुलैला इंजिनाखालच्या फळ्या निघाल्या आणि इंजिनाचा पाया दिसला. डावा सोट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते लांब लाकूड, वरून रंगवलेला, खालून पोकळ. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. त्याच भागात आणखी पाच वाक आणि पाच फळ्या गेलेल्या. तोवर अडीच लाख खर्च झाले होते. नवा अंदाज: पायाचा साग ३८ हजार, इंजिन उचलणं आणि पुन्हा जुळवणं ४५ हजार, फळ्या ३४,२००, वाक ६,४००, सतरा दिवसांची मजुरी ७३,९५०. एकूण बेरीज ६ लाख १३ हजार. रेषा ओलांडली गेली.

धाकट्याने कागद काढला. थांबा म्हणाला. थोरला म्हणाला, आता थांबून काय विकणार? खरं तर दोघंही बरोबर होते. आधी जी नौका ६ लाखांना जात होती, तिचा तळ उघडा असताना इंजिनाचे पावणेतीन लाख आणि लाकडाचे ४० हजार याहून जास्त येणार नव्हते. पुढे घालायचे होते ३ लाख ६३ हजार. गेलेले अडीच लाख बाजूला ठेवून फक्त पुढचं पाहिलं, तरी चार हंगाम धरता काम पुरं करणं किफायतीचं होतं. काम पुरं केलं. वरचे ६३ हजार सोसायटीकडून उचलले.

सांधे शेवटी भरले. बाहेरून ३ मिलिमीटर उघडी आणि आत मिटलेली अशी इंग्रजी व्ही आकाराची खाच, त्यात राळेत भिजवलेला कापसाचा पीळ, बोथट छिनी आणि लाकडी हातोडा. नवा गडी जोर लावून ठोकत होता, त्याला मेस्त्रीने दोनदा थांबवलं. पाण्यात फळी फुगते; कापूस आधीच दगडासारखा भरला तर फुगायला जागा राहत नाही आणि ताण नव्या खिळ्यांवर येतो.

निष्पत्ती

४ ऑगस्टच्या दीप अमावास्येचं उधाण हुकलं. नौका नारळी पौर्णिमेनंतर, २१ ऑगस्टला पाण्यात गेली. पहिल्या दिवशी पंप दर दोन तासांनी चालवावा लागला आणि धाकट्याचा चेहरा उतरला. तीन महिने कोरड्यावर राहिलेल्या नौकेचं हे ठरलेलंच. चौथ्या दिवशी पंप दिवसाला आठ मिनिटांवर आला. इंजिन किनाऱ्यावर जुळवलं होतं, पाण्यात नौकेचा आकार किंचित बदलतो, तेव्हा कपलिंगची, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट यांच्या जोडाची, फट फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी पुन्हा मोजून इंजिनाचे पाय सरकवावे लागले. पहिली फेरी २७ ऑगस्टला. बंदी उठल्यानंतरचे जवळपास चार आठवडे, वर्षातले सगळ्यात चांगले, हातचे गेले. ते अंदाजपत्रकात कुठेच नव्हते.

मे २०२५ मध्ये नौका पुन्हा वर काढली. नवे वाक आणि पाया कोरडे. दोन सांधे नव्याने भरले, खर्च ७० हजारांच्या आत.

काय वेगळं करता आलं असतं

इंजिनाचा पाया मे महिन्यातच तपासायला हवा होता. इंजिन न उचलताही सोटाच्या बाजूने गिरमिटाचं एक भोक पाडता आलं असतं. दहा मिनिटांचं काम. दोन फळ्या उघडायचं ठरलं तेव्हा जागा निवडली ती जिथे आवाज बद्द आला तिथली. आवाज इंजिनाखाली घेताच येत नाही, म्हणून तिथे पाहिलं गेलं नाही. उघडायची एक फळी दिसणाऱ्या दुखण्याजवळची आणि दुसरी जिथे हात पोचत नाही तिथली, असं ठरवलं असतं तर ६ लाखांचं गिऱ्हाईक दारात असताना खरा आकडा समोर आला असता. थांबायची रेषा तळ उघडण्याआधीच कामाची असते.

तिसरी अट, तारखेची, लिहायची राहून गेली. अमुक उधाण हुकणार असेल तर माणसं वाढवायची की उजवी बाजू पुढच्या वर्षावर टाकायची, हे जूनमध्ये शांतपणे ठरवता आलं असतं. उजवीकडचे वाक खरोखर एक वर्ष थांबण्यासारखे होते.

सागाची खरेदी फेब्रुवारीत करायला हवी होती. जूनमध्ये वखारीतून ओलं लाकूड आलं आणि दोन फळ्यांना महिन्याभरात चीर गेली. त्या बदलाव्या लागल्या नाहीत हे नशीब.

बर्फाच्या खणाचं पाणी आता तळात सोडत नाहीत. खणाच्या मागच्या कोपऱ्यातून पाइप काढून ते पन्नास लिटरच्या पिंपात घेतात आणि पंपाने बाहेर टाकतात. पाइप, पिंप, छोटा पंप मिळून साडेचार हजार रुपये लागले. हे २००२ मध्ये केलं असतं तर डावीकडचे बहुतेक वाक आज जागेवर असते.

शाफ्टजवळच्या त्या तिसऱ्या जागी यंदा पुन्हा गिरमिट लावलं. दमट भुसा गेल्या वर्षी दोन सेंटिमीटर होता, आता तीन आहे. जुन्या कागदाखाली नवी ओळ आली आहे: पुढच्या मेमध्ये चार झाला, तर फळीला हात लावायच्या आधी गिऱ्हाईक शोधायचं.